मसाई मारात लॉजवर राहायचंय? बुकिंगपासून परतीपर्यंत

मसाई माराच्या सहलीचं दरपत्रक हातात आलं की आपण आधी खोलीचे फोटो बघतो. पलंग केवढा आहे, मच्छरदाणी कशी लावलीय, पोहण्याचा तलाव आहे की नाही. प्रत्यक्षात खोलीत जागेपणी आपण दुपारचे दोन-तीन तास काय ते असतो. उरलेला दिवस गाडीत जातो. म्हणून लॉज निवडताना माझा क्रम उलटा आहे: लॉज नकाशावर कुठे आहे, गाडी कुठली, गाइड कोण, आणि सगळ्यात शेवटी खोली. इथे फक्त केनियातल्या मारापुरतं लिहितोय. टांझानियातलं सेरेंगेटी त्याला लागूनच आहे, पण तिथले नियम, शुल्क आणि अंतरं वेगळी.

आधी नकाशा उघडा

मसाई मारा हे राखीव क्षेत्र साधारण १,५१० चौरस किलोमीटरचं आहे आणि ते नारोक काउंटीच्या ताब्यात आहे. मारा नदीच्या पश्चिमेचा तुकडा म्हणजे मारा ट्रँगल. त्याचा कारभार २००१ पासून मारा कॉन्झर्व्हन्सी ही संस्था बघते. राखीव क्षेत्राच्या उत्तरेला आणि ईशान्येला मारा नॉर्थ, ओलारे मोतोरोगी, नाबोइशो अशा खासगी कॉन्झर्व्हन्सी आहेत. मसाई कुटुंबांनी आपल्या जमिनी एकत्र करून कॅम्पवाल्यांना भाड्याने दिल्या आहेत आणि त्याचं भाडं त्यांना मिळतं. या सगळ्यांच्या मध्ये कुंपण नाही. सिंह सकाळी आत असतो, संध्याकाळी बाहेर.

त्यामुळे राहण्याचे तीन प्रकार होतात. पहिला, राखीव क्षेत्राच्या आत. दार उघडलं की जंगल, आणि सकाळी गेटवर रांग नाही. मात्र आत रस्ता सोडून गाडी घालायला मनाई, रात्रीची सफारी नाही, पायी फिरणं नाही. दुसरा, कॉन्झर्व्हन्सीत. तिथे गाड्या मोजक्याच असतात, गाइड गवतात गाडी घालू शकतो, रात्री दिवा घेऊन फिरता येतं, बंदूकधारी रेंजरबरोबर पायीही जाता येतं. दर अर्थातच चढे. तिसरा, सेकेनानी किंवा तालेक गेटच्या बाहेरचे लॉज आणि कॅम्प. हे सगळ्यात स्वस्त. पण रोज गेटमधून आत जायचं, आणि एकदा आत गेल्यावर दुपारचा डबा बरोबर घेऊन बहुतेक पूर्ण दिवस आतच काढायचा.

पैशांचा ताण नसेल तर दोन रात्री कॉन्झर्व्हन्सीत आणि दोन राखीव क्षेत्रात, ही वाटणी मला सगळ्यात पटते. ताण असेल तर गेटबाहेर राहा, पण वाचलेले पैसे गाडी आणि गाइडवर घाला. गेटबाहेरच्या चकचकीत रिसॉर्टवर तेवढेच पैसे घालण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

विल्डबीस्ट, म्हणजे कळपाने स्थलांतर करणारे मोठे हरिणवर्गीय प्राणी, नदी ओलांडताना बघायचे असतील तर आणखी एक गोष्ट तपासा. आपला लॉज नदीच्या कुठल्या अंगाला आहे? दोन्ही काठांना जोडणारा पुरुंगात पूल पार दक्षिणेला, टांझानियाच्या सीमेजवळ आहे. कळप पलीकडे जमलाय असं वायरलेसवर कळल्यावर चटकन पलीकडे जाता येत नाही.

महिना आणि मुक्काम

विल्डबीस्टचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर मारात असतात. ते कधी येतील हे पावसावर आणि गवतावर ठरतं. तारखेची हमी देणारा एजंट दिसला तर दुसरा शोधा. याच महिन्यांत गर्दी आणि दर दोन्ही शिगेला पोचतात. प्रवेश शुल्कच बघा: परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. नऊ ते सतरा वर्षांच्या मुलांना ५० डॉलर, त्याहून लहानांना काही नाही. चौघांच्या कुटुंबाला हा आकडा लॉजच्या भाड्याच्या बरोबरीने जाऊ शकतो. म्हणून दरपत्रकात शुल्क धरलंय की नाही हा पहिला प्रश्न विचारा.

सिंह, चित्ता, हत्ती, जिराफ हे मारात बारा महिने असतात. जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी, गर्दी कमी, शुल्क निम्मं. नदी ओलांडण्याचा तमाशा हेच एकमेव कारण नसेल तर मी हेच दोन महिने सुचवेन. एप्रिल-मे टाळा. मोठा पाऊस तेव्हाच असतो आणि माराची जमीन बरीचशी आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या रेगडीच्या जातीची आहे. ती भिजली की चारही चाकांना जोर असलेली गाडीसुद्धा रुतून बसते.

आता मुक्काम. आपल्याकडच्या बऱ्याच ग्रुप टूर एका आठवड्यात अंबोसेली, नैवाशा, नाकुरू आणि मारा असं सगळं कोंबतात, आणि माराच्या वाट्याला दोन रात्री येतात. त्यातला एक दिवस येण्यात आणि एक जाण्यात अर्धा अर्धा संपतो. एखादं ठिकाण गाळा, पण मारात सलग तीन रात्री तरी राहा. एकाच लॉजवर सलग राहिलात की तोच गाइड मिळतो. काल संध्याकाळी बिबट्याने हरिण कुठल्या झाडावर चढवलं हे त्याला ठाऊक असतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो सरळ तिथेच नेतो.

बुकिंगच्या आधी विचारायचं ते

‘फुल बोर्ड’ म्हणजे तीन वेळचं जेवण, एवढंच. गाडी त्यात नसते. नैरोबीहून आलेल्या तुमच्याच गाडीत फिरायचं असतं. ‘गेम पॅकेज’मध्ये जेवणाबरोबर लॉजच्या गाडीतून रोज दोन फेऱ्या येतात. दोन दरांची तुलना करताना हा फरक हमखास नजरेतून सुटतो.

गाडी लँड क्रूझर आहे की मिनीव्हॅन? छप्पर उचलता येतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, गाडीत किती जण? प्रत्येकाला खिडकी मिळेल असं लेखी घ्या. मधल्या सीटवर बसून तीन दिवस दुसऱ्याच्या खांद्यावरून सिंह बघण्यात मजा नाही.

गाइडबद्दल विचारताना केनिया प्रोफेशनल सफारी गाइड्स असोसिएशनची पातळी विचारा. त्यांच्या परीक्षा कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पायऱ्यांच्या असतात. रौप्यवाला गाइड मिळाला तर उत्तम. सुवर्णवाले फार थोडे. कांस्यवालाही वाईट नसतो. पण या प्रश्नावर समोरचा गोंधळला, तर तुम्हाला नुसता ड्रायव्हर मिळणार आहे असं समजा.

बरोबर ज्येष्ठ असतील तर जेवणघराजवळची खोली किंवा तंबू मागून घ्या. मोठ्या कॅम्पमध्ये हे अंतर बरंच असतं आणि वाट दगडांची असते. गाडीत त्यांना मागच्या चाकांवरची सीट देऊ नका, पाठीची वाट लागते. लहान मुलांना काही कॅम्प घेतच नाहीत, विशेषतः जिथे कुंपण नसतं तिथे. वयाची अट आधीच विचारा.

कागदपत्रं आणि लस: परतीपासून उलटं मोजा

केनियाला आता व्हिसा लागत नाही, पण निघण्याआधी इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना घ्यावा लागतो. सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर अर्ज करायचा, शुल्क साधारण ३० डॉलर. तशीच दिसणारी दलालांची संकेतस्थळं जास्त पैसे घेतात, तेव्हा पत्ता नीट वाचा. तिकीट आणि लॉजचं बुकिंग जोडावं लागतं, म्हणून ते आधी पक्कं करा.

पीतज्वराची लस हा खरा मुद्दा. केनियाहून परतताना भारत सरकार पिवळं कार्ड, म्हणजे ही लस घेतल्याचं प्रमाणपत्र, मागतं, आणि ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतं. लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र वैध धरलं जातं आणि मग ते आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तिथे ठरावीक वार असतात आणि सुट्यांच्या आधी गर्दी होते. तेव्हा महिनाभर आधी हे काम उरका. अंड्याची ॲलर्जी असेल, वय साठच्या वर असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. नऊ महिन्यांखालच्या बाळांना ही लस देत नाहीत.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच. ॲटोवाक्वोन-प्रोग्वानिल ही जोडगोळी परतल्यावर सात दिवस घ्यावी लागते, डॉक्सिसायक्लिन चार आठवडे. सहल संपल्याबरोबर गोळ्या बंद करणारे लोक बरेच असतात आणि तिथेच धोका होतो.

विम्यात विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च येतो का ते बघा. ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्स ही सेवा नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून चालते. काही लॉज पाहुण्यांना तिचं तात्पुरतं सदस्यत्व काढून देतात.

पोचायचं कसं

मुंबईहून नैरोबी थेट विमानाने साधारण सहा तास. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. पुढे दोन वाटा. रस्त्याने नारोकवरून सेकेनानी गेटपर्यंत पाच-सहा तास लागतात. वाटेत रिफ्ट व्हॅलीचा कडा उतरताना थांबायला छान जागा आहे, तेवढा थांबा घ्याच. गेटवर मण्यांच्या माळा घेऊन बायका खिडकीशी येतात. घ्यायचं नसेल तर काच वर ठेवा आणि नम्रपणे नाही म्हणा.

दुसरी वाट विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाची, पाऊण ते एक तासाची. मोठं विमान जोमो केन्याटा विमानतळावर उतरतं आणि विल्सन तिथून वेगळा आहे. मध्ये नैरोबीची वाहतूक आहे, तेव्हा हातात भरपूर वेळ ठेवा. मारात ओल कियोम्बो, मुसियारा, कीकोरोक, किच्वा टेम्बो अशा बऱ्याच धावपट्ट्या आहेत. आपल्या लॉजची धावपट्टी कुठली ते तिकीट काढण्याआधी लॉजलाच विचारा. चुकीच्या पट्टीवर उतरलात तर दोन तासांचा फेरा पडू शकतो.

बॅग

छोट्या विमानात हातातल्या सामानासकट पंधरा किलो, तेही मऊ बॅगेत. कडक कवचाची चाकांची सूटकेस सामानाच्या कप्प्यात बसतच नाही. जादा सामान नैरोबीच्या हॉटेलात ठेवता येतं.

केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि २०२० पासून राखीव क्षेत्रांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवरही. चिवडा, चकल्या, मेतकूट न्यायला हरकत नाही, पण डब्यात किंवा कापडी पिशवीत. विमानतळावरच्या दुकानाची पिशवीही उतरण्याआधी रिकामी करा. पाण्याची स्टीलची बाटली न्या, लॉजवर भरून मिळते.

मारा विषुववृत्ताजवळ असूनही उंचीवर आहे, दीड हजार मीटर आणि त्याहून जास्त. पहाटे उघड्या गाडीत कुडकुडायला होतं आणि दुपारी शर्टाच्या बाह्या वर कराव्या लागतात. स्वेटर, वाऱ्याला अडवणारं जाकीट आणि कानटोपी. होय, कानटोपीच. हसणारे दुसऱ्या दिवशी उसनी मागतात. कपड्यांचे रंग खाकी, करडे, फिके हिरवे. गडद निळा आणि काळा टाळा, त्सेत्से माश्या त्या रंगांकडे येतात. लष्करी ठिपक्यांचे कपडे अजिबात नकोत, पोलीस हटकतात. ड्रोनही घरी ठेवा.

दुर्बीण प्रत्येकी एक. ताडोब्यात वाघ रस्त्यावर आला की जवळून दिसतो, नाहीतर झाडीत नाहीसा होतो; इथे चित्ता अर्ध्या किलोमीटरवर उंचवट्यावर उभा असतो आणि तासभर दिसत राहतो. अशा वेळी एका दुर्बिणीवरून घरात भांडणं होतात. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते. तिपाई नको, कापडाची रिकामी पिशवी न्या आणि लॉजच्या स्वयंपाकघरातून तांदूळ मागून भरा. गाडीच्या कठड्यावर ती टेकवली की हात स्थिर राहतो. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चौकोनी तीन पिनांचा लागतो.

पोचल्याच्या संध्याकाळी

ओला रुमाल, सरबत, आणि सही करायला एक कागद. त्यावर जनावरांच्या धोक्याची जबाबदारी तुमची असं लिहिलेलं असतं; सही सगळेच करतात. नंतर मॅनेजर नियम सांगतो तेव्हा लक्ष द्या आणि चार गोष्टी विचारून घ्या: वीज किती वाजेपर्यंत, गरम पाणी कधी, चार्जिंग खोलीत की बैठकीत, आणि रात्री मदत हवी तर शिट्टी वाजवायची की वायरलेसवर बोलायचं.

जेवणाचंही तेव्हाच सांगा. केनियात गुजराती कुटुंबं पिढ्यान् पिढ्या राहतात, त्यामुळे शाकाहार म्हणजे काय हे लॉजच्या आचाऱ्याला समजावावं लागत नाही. डाळ, भाजी, चपाती बहुतेक ठिकाणी असतेच. जैन जेवण हवं असेल तर मात्र बुकिंगच्या वेळीच कळवा. स्थानिक पदार्थांत उगाली म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि तिच्यासोबत सुकुमा विकी ही परतलेली पालेभाजी. ही जोडी एकदा तरी मागून खा. बुफेतल्या पास्त्यापेक्षा ती कितीतरी बरी.

तंबूची चेन बाहेर जाताना आणि आत आल्यावर पूर्ण लावायची. माकडांना आणि बबूनना उघडी चेन लगेच दिसते. बिस्किटं, फळं, गोड वासाचा साबण काहीही तंबूत उघडं ठेवू नका. खाऊ स्वागतकक्षात ठेवायला द्या. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पडायचं नाही. अस्करी, म्हणजे पहारेकरी, टॉर्च घेऊन जेवणघरापर्यंत नेतो आणि परत आणतो. हे दिखाऊ नाही. नदीकाठच्या कॅम्पात पाणघोडे रात्री हिरवळीवर चरायला येतात आणि त्यांच्या व पाण्याच्या मध्ये सापडलेला माणूस वाचणं कठीण. समोर जनावर आलंच तर पळू नका, अस्करी सांगेल तसं करा.

जेवून परतल्यावर अंथरुणात पाय घातला आणि काहीतरी गरम, मऊ लागलं तर किंचाळू नका. ती गरम पाण्याची पिशवी असते. रात्रभर आवाज येत राहतील. सिंहाची डरकाळी कित्येक किलोमीटरवरून ऐकू येते, म्हणजे तो जवळ आहे असं नाही. नदीकाठच्या झाडीतून कुणाचा तरी गळा आवळल्यासारखी किंकाळी आली तर तो वृक्ष हायरॅक्स, सशाएवढा निरुपद्रवी प्राणी.

दिवस कसा जातो

साडेपाचला तंबूबाहेर ‘जांबो’ अशी हाक येते, सोबत चहा आणि बिस्किटं. सूर्य वर्षभर साडेसहाच्या आसपास उगवतो; त्याआधी गाडीत बसा. पहिले दोन-अडीच तास सोन्याचे. नाश्ता लॉजवर करायला परत येण्यापेक्षा डब्यात घ्या आणि बाहेरच खा, हे आदल्या रात्री सांगून ठेवावं लागतं. दुपारी जनावरं सावलीत पडून असतात, तेव्हा तुम्हीही पडा. साडेतीन-चारला दुसरी फेरी, अंधारापर्यंत.

गाडीत उभं राहायचं, पण अंग बाहेर काढायचं नाही. खाली उतरायचं फक्त गाइडने सांगितलं तर. लघवीला जायचं असेल तर लाजू नका; तो मोकळी जागा बघून, आधी गाडीमागे फेरी मारून, मग सांगतो. मारा ट्रँगलमध्ये एका जनावराभोवती पाचपेक्षा जास्त गाड्या चालत नाहीत आणि बाकीचे थांबले असतील तर दहा मिनिटांत जागा सोडायची असते. जास्त टिप देतो, जवळ घे, असं गाइडला कधीही म्हणू नका. दंड त्याला होतो, आणि गाड्यांनी घेरलेल्या चित्त्याची शिकार हुकते.

पहिल्या दिवशी सगळ्यांना सिंहच हवा असतो. दुसऱ्या दिवशी गाइडला सांगा की आज यादी नको, एका ठिकाणी थांबू या. रानडुकरांची पिल्लं, शेणकिड्याची ओढाताण, मुंगूस, गवतात चालणारा सेक्रेटरी पक्षी. चांगला गाइड हे ऐकून खुलतो. सकाळी हवेच्या फुग्यातून फिरण्याचा खर्च माणशी साडेचारशे-पाचशे डॉलरच्या घरात जातो. दृश्य सुंदर असतं, पण त्या पैशांत मी आणखी एक रात्र राहीन.

मसाई गावाची भेट बहुतेक लॉज सुचवतात, माणशी २० ते ३० डॉलर. उड्यांचं नृत्य, काठ्या घासून विस्तव, आणि शेवटी मण्यांचा बाजार. दर आधी ठरवा, पैसे गावात कसे वाटले जातात ते विचारा, फोटो परवानगीने. त्यापेक्षा कॉन्झर्व्हन्सीतल्या मसाई गाइडशी गाडीत गप्पा मारल्यात तर गुरं, दुष्काळ, जमिनीचं भाडं यांबद्दल कितीतरी जास्त कळतं.

पैसे आणि निघण्याचा दिवस

टिपेचा प्रघात असा: गाइडला एका पर्यटकामागे दिवसाला १० ते २० डॉलर, शेवटच्या दिवशी एकदम, त्याच्या हातात. बाकीच्या नोकरवर्गासाठी स्वागतकक्षात पेटी असते. डॉलरच्या नोटा नव्या आणि न फाटलेल्या न्या. जुन्या मालिकेच्या नोटा घेत नाहीत. थोडे केनियन शिलिंगही ठेवा.

राखीव क्षेत्रातून निघण्याच्या दिवशी सकाळी दहाच्या आत गेटबाहेर पडावं लागतं, नाहीतर आणखी एका दिवसाचं शुल्क. म्हणजे शेवटची सफारी पहाटेची आणि तीही सामान गाडीत टाकूनच. विमानाने जाणाऱ्यांना वेळ वेगळी असू शकते, ती लॉजकडून आदल्या रात्री पक्की करा. पिवळं कार्ड चेक-इन बॅगेत घालू नका, मुंबईत उतरल्यावर ते आधी दाखवावं लागतं. मलेरियाच्या गोळ्यांचा कोर्स पुरा करा, आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही केनियात राहून आलात.